तळमजल्यावरच्या दोन खोल्या

त्या दोघी बहिणींना सगळे थोरली आणि धाकटी असंच म्हणत. खरी नावं बँकेत आणि दवाखान्यात तेवढी लागायची. आई गेली तेव्हा थोरली स्वतःच शाळेत जात होती, पण दुसऱ्या दिवसापासून धाकटीचे केस विंचरायचं, तिला जेवू घालायचं आणि रात्री तिच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचं काम तिने अंगावर घेतलं ते कायमचंच. धाकटीचं लग्न झालं तेव्हा आपल्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर जागा रिकामी झाल्याचं थोरलीनेच कळवलं. ती स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहायची. मधला एक जिना सोडला तर दोघींचा संसार एकच होता म्हणा ना. थोरलीचा मुलगा तर अर्धा खालीच वाढला. धाकटीला मूल झालं नाही, आणि भाचा असल्यामुळे ते तिला फारसं जाणवलंही नाही. निदान ती तसं म्हणायची.

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. "दुसऱ्यांना वरखाली नेण्यात जन्म गेला आणि घरच्या जिन्याला साधा कठडा धड नाही," असं त्याची आई म्हणायची. या सासूबाईंची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. दिवसाआड डायलिसिसला जावं लागे. दवाखाना जवळच, चालत जाण्यासारखा. जाताना त्या ठीक असत. येताना एक मजला चढायला मध्ये दोनदा बसत. जिन्यात बसल्या की येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "वाटेत पडलेय म्हणून ओलांडून जाऊ नका, अजून आहे मी."

इमारतीचा म्हातारा मालक वारला आणि मुलांनी इमारत एका कंपनीला विकून टाकली. कंपनीचा माणूस आला. तरुण, गोड बोलणारा. करार संपले की नवे करार नव्या भाड्याने होतील, असं त्याने प्रत्येक दारात सांगितलं. नवं भाडं ऐकून लोकांना आधी वाटलं की आपल्या ऐकण्यात चूक झाली. धाकटीच्या नवऱ्याने दोनदा विचारून घेतलं. मग दार लावून तो नुसता बसून राहिला.

त्या आठवड्यात थोरलीच्या घरी सगळ्या भाडेकरूंची बैठक भरली. बैठक बोलावली होती थोरलीच्या नवऱ्याने. भाऊजी बस डेपोत वेळापत्रकं लावायचे, आणि बोलायला उभे राहिले की समोरच्याला आपणच काहीतरी ठरवतोय असं वाटायला लावायचे. ते म्हणाले, कंपनीला इमारत रिकामी हवी आहे. आपण एकेक करून गेलो तर तिचं काम फुकटात होईल. आपण सगळे जागच्या जागी राहिलो, तर तिला बोलणी करावीच लागतील. तळमजल्यावरचा शिंपी, दुसऱ्या मजल्यावरची नर्स, समोरचा एकटा राहणारा वाद्यं दुरुस्त करणारा, सगळ्यांनी मान डोलावली. कोणी जायचं नाही, असं ठरलं.

धाकटीनेही मान डोलावली होती, पण ती तोवर घरं बघायला लागलेली होती. तिला ते चोरून केल्यासारखं वाटे. पण सासूबाईंना घेऊन रस्त्यावर यायची पाळी आली तर एकजूट काय चाटायची, हाही विचार मनात येई. दुकान सुटलं की ती त्याच भागातल्या गल्ल्या पालथ्या घाली. भाग सोडून चालणार नव्हतं, कारण दवाखाना.

घरं म्हणजे तरी काय होती. एका ठिकाणी संडासाचं दार थेट ओट्यासमोर उघडत होतं, आणि दलाल म्हणाला, "सगळं हाताशी आहे बघा." एका तळघरातल्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यातून दिसायची ती फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांची पायताणं. एक जागा खरोखर छान होती. तिथल्या मालकिणीने घरात आजारी माणूस आहे का विचारलं आणि हो म्हटल्यावर भाडं तिथल्या तिथे वाढवलं. एका दलालाने तर एकच खोली तिला दोनदा दाखवली, मध्ये फक्त भिंतींना रंग दिलेला. घरी येऊन ती हे सगळं सासूबाईंना रंगवून सांगे. त्या हसत, आणि हसून झालं की म्हणत, "माझ्यापायी तुम्हाला लांब जाता येत नाही."

मग एक दिवस टेलिफोनवाल्या आजी दुकानात आल्या.

आजींनी उभी हयात टेलिफोन कचेरीत लोकांचे फोन जोडून दिले होते. त्या अजूनही तसंच बोलत: मोजकं, मोठ्याने, आणि बोलणं संपलं की मध्येच थांबत, जणू पलीकडच्याने फोन ठेवला. त्यांच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती. धाकटी ती नीट करत असताना आजींनी विचारलं, चेहरा का उतरलाय. धाकटी सहसा गिऱ्हाइकाला घरचं सांगत नसे. त्या दिवशी सांगून गेली.

आजी म्हणाल्या, "माझ्याकडे मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत. दलालाला मी दारात उभं करत नाही. येऊन बघ."

ती दुसऱ्याच दिवशी गेली. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर, एकही पायरी नाही. दोन खोल्या, दोन्हींना उजेड. आतल्या खोलीच्या खिडकीतून सायकलवाल्याचं अंगण दिसत होतं. तिथे एक माणूस चाक फिरवून आरे ताणत बसला होता. सासूबाईंची खाट त्या खिडकीशी ठेवायची हे धाकटीने मनाशी तिथेच ठरवून टाकलं. भाडं ऐकून तिला वाटलं आजी चुकताहेत, पण आजींना पैशांपेक्षा शांत माणसं हवी होती. पुढच्या महिन्यापासून जागा तुझी, त्या म्हणाल्या, मी शब्द दिला.

ही गोष्ट तिने नवऱ्याला आणि सासूबाईंना सांगितली, आणि थोरलीला. थोरलीला सांगायचं नाही असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. लहानपणापासून तिच्या पोटात जे काही असे ते आधी थोरलीच्या कानात जाई. शिवाय भाऊजींना कसं सांगायचं ते थोरलीच सांगू शकली असती. ती तिला घर दाखवायला घेऊन गेली. थोरलीने नळ सोडून बघितला, भिंतीवर हात फिरवून ओल आहे का पाहिलं, खिडकीला पडदा किती लागेल ते हाताच्या वितीने मोजलं. आजींशी छान बोलली. परतताना मात्र गप्प होती. आपण दुरावणार म्हणून असेल, असं धाकटीला वाटलं, आणि तिने तिचा हात धरला.

दोन दिवसांनी भाऊजी खाली आले, पाठोपाठ थोरली. भाऊजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले की कंपनी वाकायच्या बेतात आहे, थोडा धीर धरला तर जुन्याच भाड्याच्या आसपास करार होतील. पण पुढाऱ्याची सख्खी मेव्हणीच निघून गेली तर बाकीच्यांना मी कोणत्या तोंडाने थांबा म्हणू? शिंपी आधीच चुळबुळतोय. तू गेलीस की तो जाईल, मग नर्स जाईल, आणि तो वाद्यंवाला म्हातारा रस्त्यावर येईल.

धाकटीने सासूबाईंच्या खोलीकडे पाहिलं. तेव्हा थोरली बोलायला लागली. बोलता बोलता ती रडली. आई गेल्यापासूनचं सगळं तिने काढलं. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, म्हणाली. आणि ते खरंच होतं.

"एवढंच कर माझ्यासाठी," थोरली म्हणाली. "आपण एका जिन्यावर राहू या गं. मला तुझ्याशिवाय या इमारतीत राहता येणार नाही."

ती दोघं वर गेल्यावर नवरा म्हणाला, तू ठरव, तुझी बहीण आहे. सासूबाई आतून म्हणाल्या, "दोर सोडू नका म्हणून जो ओरडतो, त्याचा स्वतःचा हात दोराला आहे का तेवढं बघून घ्यावं." धाकटीला ते लागलं. तिला वाटलं, सासूबाई आपल्या माहेरच्या माणसांवर घसरताहेत. ती त्यांच्याशी त्या संध्याकाळी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आजींकडे नाही म्हणायला गेली. आजींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हे तुझं तू ठरवलंस ना?" त्यांनी विचारलं. "कोणी सांगितलं म्हणून नाही ना?"

"माझं मीच," धाकटी म्हणाली. आजींनी मान हलवली आणि बोलणं तिथेच संपलं. प्रश्न थोडा विचित्र होता, पण आजीच विचित्र, असं म्हणून तिने तो सोडून दिला.

पुढचे दिवस इमारतीत वाईट गेले. पाण्याचा पंप बिघडायचा तो दुरुस्तच व्हायचा नाही. जिन्यातला दिवा गेला, तो धाकटीच्या नवऱ्याने स्वतः लावला, आणि दोन दिवसांत कोणीतरी काढून नेला. भाऊजींच्या बैठका चालूच होत्या. धीर धरा, ते म्हणत. मधल्या काळात भाच्याचं लग्न झालं. मुलगी मुलांना पोहायला शिकवायची. धिप्पाड, मोकळी, हसली की डोळे मिटायची. धाकटीला ती पहिल्याच भेटीत आवडली. नवं जोडपं कुठे राहणार असं कोणी विचारलं की थोरली सांगे, त्याच्या ऑफिसच्या बाजूला बघितलंय काहीतरी, लांब आहे, खुराडं आहे नुसतं, कोणाला बोलवायचीही सोय नाही. धाकटीने एकदोनदा म्हटलं, मी येते, सामान लावू लागते. थोरली म्हणाली, त्यांचं त्यांना लावू दे गं, हल्लीच्या मुलांना आवडत नाही.

एका दुपारी दुकानात भाच्याची बायको आली. हातात रुमालात गुंडाळलेला चष्मा होता. मावशीला बघून ती मनापासून खूश झाली. या दुकानात तुम्ही असता हे मला माहीतच नव्हतं, म्हणाली. घरमालकिणीने याच दुकानाचं नाव सांगितलं, दांडी परत सैल झालीय त्यांची.

धाकटीने रुमाल उघडला. तो चष्मा तिने ओळखला. आपल्या हाताखालून गेलेली फ्रेम ती विसरत नसे, आणि या दांडीला तर तिने स्वतःच नेहमीपेक्षा जाड स्क्रू घातला होता.

"कुठे राहता तुम्ही?" तिने विचारलं.

"इथेच की. दवाखान्याच्या मागे, तळमजल्यावर," ती मुलगी म्हणाली. "तुम्ही एकदाही आला नाहीत, मावशी. मी आईंना किती वेळा म्हटलं, मावशींना बोलवू या. त्या म्हणाल्या तुम्हाला तुमच्या सासूबाईंच्या आजारपणातून सवड नसते. आतली खोली तर इतकी छान आहे. खिडकीतून सायकलवाला दिसतो."

धाकटीने बारीक पेचकस उचलला. तिने स्क्रू बसवला, काचा पुसल्या, चष्मा डोळ्यांसमोर धरून दोन्ही दांड्या सारख्या आहेत ना पाहिलं. मग म्हणाली, पैसे नकोत. मुलगी काहीतरी बोलत होती. तिचे ओठ हलताना धाकटीला दिसत होते.

त्या दिवशी ती घरी न जाता सरळ तिसऱ्या मजल्यावर गेली. थोरली वाळलेले कपडे घड्या घालत होती. धाकटीचा चेहरा पाहिला आणि तिचे हात जागच्या जागी थांबले. म्हणजे हिला आपण काही विचारायचीसुद्धा गरज नाही, असं धाकटीला वाटलं. तरी तिने विचारलं.

"ताई, तू त्या आजींकडे कधी गेलीस?"

थोरलीने आधी मुलाचं सांगितलं. त्याला किती ठिकाणी नकार मिळाला, मुलीच्या घरच्यांनी जागा कुठे म्हणून कसं अडवून धरलं, लग्न मोडायच्या बेताला कसं आलं होतं. तू ते घर सोडलंस, ते रिकामंच राहणार होतं, मग परक्याला जाण्यापेक्षा आपल्या पोराला गेलं तर काय वाईट? ऐकताना क्षणभर धाकटीला ते पटलंही. रागाच्या जागी थोडी लाजच वाटायला लागली.

"मला आधी सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मी स्वतः आजींकडे शब्द टाकला असता त्याच्यासाठी."

"मी तसं म्हणाले होते त्यांना," थोरली घाईने म्हणाली, "की तुझ्याऐवजी आम्हालाच द्या म्हणून. पण त्या बाई ऐकेनात. आधी धाकटीने स्वतः येऊन नाही म्हटलं पाहिजे म्हणे."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. खोलीत दोघीच होत्या, आणि दोघींनाही कळलं की आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

थोरली आधीच गेली होती. घर पाहून आल्यावर, हात धरून चालत आल्यावर, दुसऱ्याच दिवशी. आजींनी अट घातली, आणि ती अट पुरी करून घेण्यासाठी नवऱ्याला बरोबर घेऊन ती पहिल्या मजल्यावर उतरली होती. एकजूट, शिंपी, वाद्यंवाला म्हातारा, आई गेल्यापासूनचं सगळं, आणि ते रडणं. धाकटीला सगळ्यात जास्त त्या रडण्याचं वाईट वाटलं. कारण ती थोरलीला लहानपणापासून ओळखत होती, आणि ते रडणं खोटं नव्हतं. खरंखुरं रडून तिने हे केलं होतं.

"भाऊजींना माहीत होतं?" तिने विचारलं. आतल्या खोलीत रेडिओ लागलेला होता, तो बंद झाला. कोणी बाहेर आलं नाही.

"आई म्हणून केलं मी," थोरली म्हणाली. "तुला मूल असतं तर तूही हेच केलं असतंस. तुला नाही कळायचं ते."

धाकटी जिना उतरून खाली आली, सासूबाईंच्या खाटेवर त्यांच्या पायांशी बसली, आणि त्यांनी काही विचारायच्या आत तिने सगळं सांगितलं. मी तुमच्यावर तेव्हा उगाच रागावले, असंही म्हणाली. सासूबाईंना या वेळी काही खोचक सुचलं नाही. त्या तिच्या पाठीवर थोपटत राहिल्या. नवरा कामावरून आला तेव्हा दोघी तशाच बसलेल्या होत्या.

पुढच्या रविवारी भाचा आणि त्याची बायको आली. बोलायला सुरुवात तिनेच केली. तिला दुकानातला मावशीचा चेहरा विसरता आला नव्हता. तिने आजींना विचारलं, आणि आजींनी, कोणी विचारलं तर खोटं न बोलण्याच्या त्यांच्या सवयीने, सगळं सांगितलं. ती म्हणाली, मावशी, आम्ही ते घर सोडतो. आम्ही दोघं धडधाकट आहोत, कुठेही राहू. भाचा मान हलवत होता.

धाकटीला हो म्हणायचं होतं. तोंडात शब्द आला होता. आत सासूबाई खोकत होत्या, त्या खिडकीशी खाट लागली असती, एकही पायरी नसती. पण तिने भाच्याकडे पाहिलं. याला तिने चालायला शिकवलं होतं, याचा पहिला पडलेला दात तिने बरेच दिवस डबीत जपून ठेवला होता.

"तुला माहीत होतं?" तिने त्याला विचारलं.

त्याची बायको त्याच्या वतीने लगेच म्हणाली, नाही, त्याला कुठून कळणार, आम्हाला दोघांनाही आईंनी हेच सांगितलं होतं की—

"आई म्हणाली होती," भाचा जमिनीकडे बघत म्हणाला, "मावशीला एवढ्यात सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

त्याची बायको बोलता बोलता थांबली. तिने आपली खुर्ची हलवली नाही, पण ती जरा ताठ बसली, आणि तिचा त्याच्या गुडघ्यावरचा हात तिने उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. धाकटीला तिची दया आली. या पोरीला हे आता जन्मभर पुरणार होतं.

"घर तुमच्याकडेच राहू द्या," धाकटी म्हणाली. "तिथे मला झोप लागायची नाही."

ती दोघं गेल्यावर नवरा प्रथमच चिडला. मान आपल्याला परवडत नाही, म्हणाला. आईचा विचार करायचा होतास. त्याचं खरंच होतं. सासूबाई म्हणाल्या, "आईचा विचार आईने केलाय. त्या खिडकीतून मला रोज सायकलवाला दिसला नसता, तुझी मेव्हणी दिसली असती."

भाऊजींनी बैठका बंद केल्या नव्हत्या. पुढच्या बैठकीला धाकटी जाईल असं कोणाला वाटलं नव्हतं, पण ती गेली आणि दाराशी उभी राहिली. भाऊजी नेहमीसारखं बोलत होते, थोडं कमी जोराने. त्यांनी परत तेच म्हटलं की कोणी जायचं नाही. तेव्हा धाकटी पहिल्यांदाच लोकांसमोर बोलली.

"ज्याला घर मिळेल त्याने जावं," ती म्हणाली. "मला मिळालं होतं. मी तुमच्यासाठी म्हणून सोडलं. तुम्ही कोणी तसं करू नका."

शिंप्याने विचारलं, मग ते घर गेलं कुठे? धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली पाण्याचे ग्लास गोळा करत होती. एका वाक्यात सगळं झालं असतं. पण ते वाक्य धाकटीच्या तोंडून निघेना. तिने नुसतं म्हटलं, "गेलं." आणि ती खाली आली.

त्यानंतर इमारत भराभर रिकामी झाली. शिंपी आधी गेला, मग नर्स. वाद्यंवाल्या म्हाताऱ्याला त्याचा एक जुना विद्यार्थी घेऊन गेला, म्हणजे रस्त्यावर तो आला नाही. धाकटीनेच फूट पाडली असं भाऊजी सांगत फिरले, आणि काहींना ते खरंही वाटलं. नाहीतर कंपनी वाकली असती का, हे आता कोणालाच कळणार नव्हतं. तिलाही कधीकधी वाटे, वाकली असती.

धाकटीला घर मिळालं ते बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे, एका गोदामाला लागून. एक मोठी खोली, पुढे पत्र्याची पडवी. भाडं जमण्यासारखं. दवाखाना मात्र दोन बस बदलून. सासूबाई बघून म्हणाल्या, "बरं झालं, मला फिरायला जायचंच होतं."

सामान हलवायच्या दिवशी नवऱ्याची कंबर धरली. टेम्पोवाला खाली घाई करत होता, आणि लाकडी कपाट उचलायला माणूस नव्हता. धाकटी कपाटाचं एक टोक धरून उभी होती, तेवढ्यात वरून थोरली उतरली. कोणी बोलावलं नव्हतं. तिने दुसरं टोक धरलं. कपाट जड होतं आणि जिना अरुंद. पुढे थोरली, उलट्या पावलांनी उतरत, वर धाकटी.

"सांभाळ, पायरी आहे," धाकटी म्हणाली.

"दिसतेय," थोरली म्हणाली, आणि तरीही तिचा पाय चुकला. कपाट भिंतीला घासलं. दोघींनी ते तोलून धरलं. पुढच्या पायरीला तिने आधी पायाने चाचपून पाहिलं. तिला चष्म्यातूनही खालचं नीट दिसत नव्हतं, हे धाकटीच्या लक्षात आलं.

टेम्पोत कपाट चढवून झाल्यावर थोरली पदराने कपाळ पुसत उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"पोचलीस की कळव," ती म्हणाली. आयुष्यभर ती हेच म्हणत आली होती, धाकटी कोपऱ्यावर जाऊन येणार असली तरी.

"हो," धाकटी सवयीने म्हणाली.

तिने कळवलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. थोरलीने दोनदा फोन केला. तो वाजून वाजून बंद पडला, मग तिनेही नाद सोडला.

भाच्याची बायको मात्र दवाखान्यात यायला लागली. एकटीच. डायलिसिसच्या वेळी ती सासूबाईंशेजारी बसे, त्यांना पोहायला येणाऱ्या पोरांच्या गमती सांगे, आणि मग धाकटीला दुकानात जायला सवड मिळे. धाकटी सुरुवातीला तिच्याशी कामापुरतं बोलायची. घरात कसं चाललंय हे तिने कधी विचारलं नाही, आणि मुलीनेही सांगितलं नाही. घर छान आहे, असंही ती आता म्हणत नसे.

एक दिवस निघताना धाकटी दारातून परत आली.

"तुझ्या सासूच्या चष्म्याचा नंबर वाढलाय," ती म्हणाली. "जिन्यावर पडेल एखाद्या दिवशी. दुकानात घेऊन ये तिला."

मुलीचा चेहरा उजळला. उद्याच आणते, म्हणाली.

"उद्या नको," धाकटी म्हणाली. "मंगळवारी आण. मंगळवारी मी नसते."